म्हशीच्या दुधावर काढलेलं वर्ष

नवरा वारला, लेक परदेशात गेली आणि मी संध्याकाळचा स्वयंपाक सोडला. एकटीसाठी कुकर लावायचा आणि एकटीनंच शिट्ट्या ऐकायच्या, नको वाटायचं. दुपारी चहा-चपाती व्हायची. दिवेलागणीला मी दुधाच्या कट्ट्यावर जायची. तिथं म्हशी बांधलेल्या असतात, समोर धार काढून फेसाळ ग्लास हातात देतात. "आक्का, आज उशीर?" म्हशीवाली विचारायची. दिवसभरात माझ्याशी बोलणारं तेवढंच माणूस. ग्लास मी मुद्दाम हळू प्यायची.

दूध म्हणजे ताकद, हे कोल्हापुरात कुणाला शिकवावं लागत नाही. पैलवान पितात, मग मला काय धाड भरणार होती? जिना चढताना धाप लागायची, त्याचं खापर मी गुडघ्यांवर फोडलं. पाळी आठवडा उलटला तरी थांबत नसे. या वयात असं होतंच, म्हणून सोडून दिलं. तांदूळ निवडताना कच्चेच चघळायचा नाद लागला. बघायला कोण होतं? लेक व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "आई, गोरी दिसायला लागलीस गं." मी खुशीत आरशासमोर जाऊन आले.

मग एका संध्याकाळी ग्लास हातातून निसटला आणि मी कट्ट्यावरच कोसळले. म्हशीवालीनं धार अर्ध्यावर टाकून मला रिक्षातून दवाखान्यात नेलं. नर्सनं तिला विचारलं, "तुम्ही ह्यांच्या कोण?"

"आमचं गिऱ्हाईक हाय."

खरं तेच बोलली ती. तरी मला लागलं.

डॉक्टरीणबाईंनी खालची पापणी ओढून बघितली, तपासण्या केल्या. रक्त इतकं उतरलं होतं की बाहेरून चढवावं लागलं. आणखी उशीर झाला असता तर हृदयावर बेतलं असतं. गर्भाशयात गाठ होती, पाळीतून रक्त भरमसाट जात होतं. पोटात म्हणाल तर दूध, त्यात लोह नावापुरतं. जेवणासोबतचा चहा उरलंसुरलं अंगी लागू देत नव्हता. कच्चे तांदूळ खावेसे वाटणं, तेही लोह कमी पडल्याचंच लक्षण. "इतक्या पांढऱ्या पडलात, घरात कुणाला कळलं नाही?" बाईंनी विचारलं.

गाठीवर उपचार सुरू झाले. अंगात त्राण आल्यावर मी पुन्हा कट्ट्यावर गेले. म्हशीवालीनं ग्लास पुढं केलाच नाही.

"जेवलासा काय, आक्का?"

"नाही अजून."

"आदी जेवून या. म्हस कुटं पळून चाललीया?"

रागानंच घरी आले. मेथी निवडली, भाकरी थापली. समोरची खुर्ची रिकामी. रडत रडत जेवले. परत गेले तेव्हा कट्टा उठला होता. म्हशीवाली सोडून सगळे गेले होते. एक म्हैस मात्र तिनं धार न काढता माझ्यासाठी ठेवली होती.