काटेरी पट्टा जिंकला

मास्तरांना कुत्र्यांचं सगळं कळायचं. माणसांचं कळून घ्यायची त्यांना कधी गरज पडली नाही. वसाहतीच्या मैदानावर ते कुत्र्यांना शिस्त लावायचा वर्ग चालवत, आणि रोग कुठलाही असो, औषध एकच: आतून काटे असलेला साखळीचा पट्टा. दोरी खेचली की काटे मानेत रुतायचे. "फार लागत नाही," मास्तर म्हणत. अर्थात, त्यांची मान त्यात कधी गेली नव्हती.

घरातही तोच खाक्या. "चहा!" एवढं म्हटलं की बायको कप घेऊन हजर. "आयुष्यात दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही," हे ते पाहुण्यांना छाती फुगवून सांगत.

आणि अशा माणसाच्या पोटी निघाली काय, तर कमरेला खाऊची पिशवी बांधून कुत्री शिकवणारी लेक! "बाबा, न टोचताही शिकतात हो ती."

"मग काय, पाया पडू त्यांच्या?"

वाद वसाहतीच्या सेक्रेटरीपर्यंत गेला. हा गृहस्थ पिल्लू दिसलं तरी जिना चढायचा, पण निकाल देण्यात पटाईत. रविवारी दोघांनी करून दाखवायचं. ज्याचं कुत्रं ऐकेल, मैदान त्याचं. मास्तरांची झोप उडाली. वर्ग गेला तर हा माणूस दिवसभर करणार काय? शेजाऱ्यांना शिस्त लावणार?

रविवारी लेकीच्या गुबगुबीत कुत्र्याने खाऊ खाल्ला, बसलं, उठलं आणि सेक्रेटरीच्या बुटाची नाडी चावायला लागलं. सगळे खो खो हसले. लेकही हसली, मग म्हणाली, "आता तुम्ही, बाबा. पण पट्टा काढून."

मास्तरांनी आपल्या कुत्र्याला, सुभेदाराला, पट्ट्याशिवाय कधी हाक मारलीच नव्हती. पण चारचौघांत माघार कशी घ्यायची? पट्टा गवतात टाकून ते पलीकडच्या टोकाला गेले. "ये!"

सुभेदार जागचा हलेना. लोक कुजबुजायला लागले. मग त्याने मागे वळून तो पट्टा तोंडात धरला, आणि शेपूट पायांत घालून, पोट जमिनीला घासत, मास्तरांपर्यंत आला. पट्टा त्यांच्या पायाशी ठेवला. मान पुढे केली, डोळे घट्ट मिटून.

टाळ्यांचा कडकडाट! "याला म्हणतात शिस्त!" सेक्रेटरीने लांबूनच मैदान मास्तरांना देऊन टाकलं. लेकीने टाळी वाजवली नाही. मास्तरांनी पट्टा उचलला, पण त्यांच्याने तो घालवेना. त्यांना लाज वाटली, आणि लाजेचं काय करायचं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

घरी येऊन ते खुर्चीत बसले. निदान बायकोला तरी सांगावं म्हणून त्यांनी नुसतं तोंड उघडलं, तोच कप समोर आला. ती एक पाऊल मागे सरून उभी राहिली, मान खाली घालून.

"अगं, मी मागितला कुठे?"

"तुम्ही ओरडायच्या आत आणलेला बरा," ती म्हणाली.