वार विचारणारे हवालदार

हवालदारांनी मला हात दिला, हे आधी सांगतो. काय झालं ते मागून.

सकाळी सातला ते आमच्या उंबऱ्याशी उभे राहत, वहाणा बाहेर टाचेला टाच लावून ठेवत आणि विचारत, "वैनी, आज वार कुठला?"

खाटेवरून माझी बायको सांगायची, "सोमवार, भाऊजी." मग ते मान हलवून आत येत. चेहऱ्यावर असं समाधान, जणू तो सोमवार त्यांनीच तिच्याकडे सांभाळायला दिला होता.

एकदा ती म्हणाली, "तुमच्या घरी कॅलेंडर नाई काय? रोज मलेच इचारता."

"हाय की. पर त्ये बोलत न्हाई."

आम्ही दोघं यवतमाळकडचे. मी सातवीतून शाळा सोडलेला. डिझेल इंजिनांची दुरुस्ती शिकलो आणि बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर कामासाठी कडेगावला येऊन राहिलो. दोन-तीन वर्षांत बायकोचं पोट दुखायला लागलं. सांगलीच्या दवाखान्यात लिव्हरचा कॅन्सर निघाला. महिन्याभरानं डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, सुखात ठेवा. हातात एक इंग्रजी कागद दिला. मला तो वाचता येईना, म्हणून शेजारच्या घरी नेला.

शेजारी हे हवालदार. लष्करी इस्पितळात आयुष्य काढून पेन्शनीत आलेले. त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "उद्यापास्नं माझी ड्युटी."

तिला कुशीवर कसं वळवायचं, सुजलेल्या पायांखाली काय ठेवायचं, हे त्यांनी मला शिकवलं. मीठ बंद होतं. अळणी आमटी तिच्या घशाखाली उतरेना, तेव्हा ते आपली ताटली घेऊन समोर बसले आणि तसलीच आमटी भुरकू लागले. "लय बेकार हाय ओ," म्हणाले, "पर फौजेत ह्याच्यावून वंगाळ खाल्लंय." ती हसली आणि दोन घास जास्त जेवली. पुढं रोज दुपारी ते अळणीच जेवले.

तिची एकच इच्छा होती, आईला भेटायची. मी तार केली. उत्तर आलं, आई रविवारी पोचेल. तोवर ती शुद्धीत राहावी, एवढंच मी मागत होतो.

त्या आठवड्यात मंगळवारी हवालदार यायच्या आधी मी तिला सहज वार विचारला. ती माझ्याकडे बघत राहिली. शाळेत गुरुजींनी उभं केलं की माझी वाचा बसायची. तिचं तसं होऊ नये असं वाटलं. बाहेर वहाणांचा आवाज आला तसा मी तिच्या कानात म्हणालो, "मंगळवार सांग." तिनं सांगितलं. हवालदारांनी मान हलवली. बुधवारीही तेच, गुरुवारीही तेच. दिवसभर ती नुसती झोपून असायची. मला वाटलं, थकली असेल.

चौथ्या दिवशी, शुक्रवारी, जागरणानं माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं. तिनं सांगितलं, "गुरुवार."

हवालदारांनी मान हलवली नाही. झटक्यात खाटेपाशी आले.

मी म्हणालो, "अवो हवालदार, तिची चूक नाई. मीच चुकीचा वार सांगितला."

"तुमी सांगितला? कवापास्नं सांगताय?"

"चार दिवस झाले."

ते खाटेवर वाकले. तिला दोन्ही हात पुढं धरायला लावले. मनगटं पाखराच्या पंखांसारखी फडफडत होती. "वैनी, तुमचं गाव कुठलं?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "आई पाण्याले गेली."

मग मला परसात नेऊन त्यांनी सांगितलं. लिव्हर बिघडलं की पोट साफ होत नाही, आतलं विष डोक्यात चढतं. आधी वार चुकतो, मग माणसं. म्हणून रोज वार विचारायचा. मी धुण्याच्या दगडावर बसलो.

"उठा," ते म्हणाले. "चूक माझी हाय. तुमच्यादेखत वार इचारला आन् त्यो कशापायी त्ये सांगितलं न्हाई. वैनींनी घाबरू नये म्हनून गप बसलो."

सायकलवरून गावातल्या डॉक्टरला विचारून ते औषध घेऊन आले. पोट साफ व्हायचं औषध दिलं, एनिमा दिला. घाण, चादरी, धुणं, सगळ्याला त्यांचे हात माझ्या बरोबरीनं. शनिवारी सकाळी ती डोळे उघडायची, पुन्हा मिटायची. आईची गाडी तोवर निघालेली असणार. आईला पाहून लेक भलतंच काही बोलली तर, म्हणून मी घडीघडी तिला हाक मारून बघत होतो.

रविवारी सात वाजता वहाणा वाजल्या. मी मुद्दाम चुलीपाशी जाऊन उभा राहिलो. हवालदार उंबऱ्यावर आले. त्यांनी तोंड उघडण्याआधीच खाटेवरून आवाज आला, "रविवार हाय, भाऊजी. आज माही आई येते."

हवालदारांनी वळून बाहेरच्या वहाणा पुन्हा नीट जुळवल्या.

आई दुपारी आली. लेकीनं तिचे पाय पाहिले आणि म्हणाली, "किती सुजले तुये पाय. बस इथं."

पुढं बारा दिवस माय-लेकी बोलत होत्या. शुक्रवारी बायको गेली.

शनिवारी सकाळी सातला हवालदार सवयीनं आले. वहाणा जोडीनं ठेवल्या. खाट उभी करून भिंतीला लावली होती. त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मीच म्हणालो, "शनिवार आहे, हवालदार." त्यांनी मान हलवली.

आता ते साताऱ्याला लेकीकडे असतात. त्यांच्यावर तशी वेळ न येवो. पण कधी ते खाटेवर पडलेच, तर मी जाईन. रोज सातला उंबऱ्याशी उभा राहून त्यांना वार विचारीन, अळणी आमटी समोर बसून जेवीन. आणि उत्तर कानात सांगणार नाही.