कावेरीबाईंना पोहता येतं

मानवतच्या शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवून दत्तोपंत निवृत्त झाले, पण त्यांचा भूगोल काही निवृत्त झाला नाही. कुणाच्या पोरीला परगावचं स्थळ आलं, तर मुलाच्या पगाराआधी ते त्या गावचं पर्जन्यमान सांगायचे. हिमालयातली तळी त्यांनी फळ्यावर शेकडो वेळा काढली होती. डोळ्यांनी मात्र एकही पाहिलं नव्हतं. म्हणून दिल्लीला नोकरी करणारी त्यांची लेक अबोली जेव्हा म्हणाली, की तुम्ही दोघं रेल्वेनं माझ्याकडं या, शुक्रवार ते रविवार आपण कुमाऊंतल्या तळ्यांवर जाऊ, तेव्हा मास्तर दोन दिवस नकाशाच घेऊन बसले.

बेत सगळा त्यांनीच आखला. परभणीहून गाडी कोणती, थंडीला काय घ्यायचं, कोणत्या तळ्यावर सकाळी जायचं नि कोणत्या तळ्यावर संध्याकाळी, सगळं वहीत उतरलं. मुक्काम एका तळ्याकाठच्या तंबूंमध्ये होता. त्या लोकांनी मोबाइलवर एक फॉर्म पाठवला होता. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मास्तर तो भरायला बसले. त्यांची बायको कावेरीबाई बाजूलाच भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या.

नाव, वय, रक्तदाब इथपर्यंत ठीक चाललं. मग प्रश्न आला, पोहता येतं का? मास्तरांनी स्वतःच्या नावापुढं ‘नाही’ केलं, बायकोच्या नावापुढंही ‘नाही’ केलं, आणि सवयीप्रमाणं मोठ्यानं वाचून दाखवलं.

"माझं ‘हो’ करा," कावेरीबाई म्हणाल्या.

मास्तरांना वाटलं, थट्टा करायलीय. त्यांनी समजावलं, की ही माहिती खरी द्यावी लागते, उद्या काही झालं तर तेच लोक धावून येणार. शेंग फोडत कावेरीबाई म्हणाल्या, खरंच सांगायलेय, मला पोहता येतं. गंगाखेडला लहानपणी गोदावरीच्या या काठावरून त्या काठाला जाऊन यायचे.

ही बाई पस्तीस वर्षं त्यांच्या घरात होती. तिला कारलं आवडत नाही, डाव्या कुशीवर झोप लागत नाही, हे सगळं त्यांना ठाऊक. आणि पाण्याला ती भिते, हे तर त्यांनी सगळ्या गोतावळ्यात सांगून ठेवलेलं. गंगाखेडला गेलं, की बाकीच्या बायका डुबक्या मारायच्या. ही शेवटच्या पायरीवर बसून तांब्यानं अंगावर पाणी घ्यायची. भीती नाही तर दुसरं काय?

मास्तरांचा विश्वास बसेना. ते ओसरीत गेले नि त्यांनी गंगाखेडला मेहुण्याला, दिनकररावांना, फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून हळूच विचारलं.

दिनकरराव आधी हसले. मग त्यांचा आवाज बदलला. "दाजी, तुमाला ठाऊक न्हाई? नदी फुगली होती तवा शेजारच्या चतुराबाईची पोरगी वाहून जायली होती. गडीमाणसं काठावर उभी. अक्कानं उडी टाकली नि केसाला धरून आणली तिला. सोळा वर्षांची होती अक्का. सगळा घाट सांगंल तुमाला."

फोन ठेवून मास्तर तिथंच खांबाला टेकून उभे राहिले. ज्या घाटावर ते जावई म्हणून पंचवीस-तीस वेळा जाऊन आले, तिथल्या नावाड्यापासून फुलवालीपर्यंत सगळ्यांना जे माहीत, ते एकट्या त्यांनाच माहीत नव्हतं.

आत येऊन ते बायकोसमोर बसले. इतक्या वर्षांत कधी बोलली का नाहीस, पाण्यात का उतरली नाहीस, असं त्यांनी विचारलं. आईनं मना केलं होतं का, असंही विचारलं. त्यांची आई कडक होती; तिच्यावर ढकलणं सोपं होतं.

"आत्याबाई कशाला मना करतील," कावेरीबाई म्हणाल्या. "त्या तर काठावर उभ्या राहून कौतुकानं बघत होत्या. तुमीच बोललात."

"मी? कधी?"

मग कावेरीबाईंनी सांगितलं. लग्नानंतरच्या पहिल्या धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण द्यायला माहेरच्यांनी सगळ्यांना बोलावलं होतं. सकाळी स्नानाला सगळे घाटावर गेले. कावेरीबाई काष्टा मारून पाण्यात शिरल्या नि बघता बघता धारेपर्यंत गेल्या. परत येऊन पायऱ्या चढायल्या, तर नवं धोतर नेसून उभे असलेले मास्तर चारचौघांत म्हणाले, "मास्तराची बायको आहेस तू, बेडूक नव्हेस." घाटावरचे सगळे हसले. कावेरीबाईंच्या मैत्रिणीसुद्धा.

मास्तरांना ते धोतर आठवलं. चांदीच्या ताटातले अनारसे आठवले, ते तेहतीस होते हेही आठवलं. धारेत पोहणारी बायको नि ते वाक्य मात्र काही केल्या आठवेना. तेच त्यांना जास्त लागलं. आठवलं असतं, तर निदान रागात बोललो, तरुण होतो, असं काही म्हणता आलं असतं. वर्गात असली वाक्यं ते रोज टाकायचे नि पोरं हसली की खूश व्हायचे. तसंच एक तिथं टाकलं असणार आणि त्यावर एका माणसानं पोहणंच सोडून दिलं.

"तू राग धरून बसलीस इतकी वर्षं?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"राग कशाचा? राग धरला असता, तर तुमच्या ध्यानात तरी आलं असतं," असं म्हणून कावेरीबाईंनी टरफलं सुपात भरली नि त्या उठल्या.

त्या दिवशी मास्तर चहालाही उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फॉर्ममधलं ‘नाही’ पुसून ‘हो’ केलं. मग परभणीच्या पोहण्याच्या तलावावर बायकांची वेळ कोणती ते विचारून आले. कावेरीबाई आधी नको म्हणाल्या. आता अंगात काय राहिलंय, लोक हसतील, म्हणाल्या. मास्तर एवढंच म्हणाले, की हसू दे, मी बाहेर बसतो.

तीन आठवडे दोघं एसटीनं जाऊन येत राहिले. बायकांच्या वेळेत पुरुषाला आत जाता येत नव्हतं. मास्तर भिंतीबाहेर बाकावर बसून नुसता पाण्याचा आवाज ऐकायचे. तिथं शिकवणारी धम्मशीला पहिल्याच दिवशी बाहेर येऊन म्हणाली, की काका, काकूंना मी काही शिकवणार नाही. माझ्या पोरींनी त्यांचं बघून शिकावं.

शुक्रवारी ते कुमाऊंत पोचले. शनिवारी ऊन चांगलं पडलं होतं. पाण्यात दोर बांधून पोहण्यापुरती जागा आखलेली होती, राखणदार होता. कावेरीबाई उतरल्या. गार पाण्यानं क्षणभर आखडल्या, मग हात सोडले नि पोहू लागल्या. पाणी जराही उडत नव्हतं. दोराला हात लावून वळल्या, परत गेल्या. मास्तर काठावर टॉवेल घेऊन उभे होते. ते तळं किती उंचीवर आहे, किती खोल आहे, सगळं त्यांना पाठ होतं, पण ते नुसते तिचे हात मोजत राहिले.

अबोली धावत त्यांच्यापाशी आली. आईला पोहता येतं? कधी शिकली? मला कसं माहीत नाही? ती एकामागून एक विचारत राहिली.

मास्तरांनी तिला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. धोंड्याचा महिना, घाट, हसलेली माणसं, आणि स्वतःचं ते वाक्य, एकही शब्द न गाळता.

अबोलीनं बापाकडं बघितलं, पाण्यातल्या आईकडं बघितलं. मग बापाच्या हातातला टॉवेल घेऊन ती पाण्याकडं गेली.