एक अक्षर बदलायचं न्हाई

गेवराईत माझा कॉम्प्युटर क्लास होता. स्वभाव माझा तापट. पोरं टाइप करताना एखादं चिन्ह गाळायची, प्रोग्राम अडायचा आणि माझं डोकं फिरायचं. "फळ्यावर हाय तसंच उतरवा, एक अक्षर बदलायचं न्हाई!" असं दिवसातून दहादा ओरडायचो.

वेबसाइटची हवा नुकतीच आपल्याकडं पोचली होती. ज्याला त्यातलं गणित कळत नाही, त्यालाही लोकांची खाजगी माहिती कुलूपबंद करता यावी म्हणून मी एक साधन बनवलं. दोन ओळी लिहा, झालं! लई मिरवलं मी ते. नमुन्याच्या ओळीत किल्ली म्हणून, म्हणजे कुलूप उघडणारा शब्द म्हणून, क्लासचंच नाव टाकलं होतं. किल्ली ज्यानं त्यानं आपली घालावी, अशी टीप साधनाच्या माहितीपुस्तिकेत शेवटच्या पानावर होती. तीही इंग्रजीत.

वडवणीच्या एका विद्यार्थिनीनं त्यावर वधूवर सूचक मंडळाची वेबसाइट केली. तिची पहिलीच नोकरी. भावानं बजावलं होतं, कुणाचा एक शब्द जरी ऐकावा लागला तरी घरी बसायचं.

काही महिन्यांत मंडळाची कुलूपबंद फाइल माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याच्या हाती लागली. त्यानं सहज क्लासचं नाव टाकून पाहिलं, तर उघडली की! कुणाची सोयरीक मोडली, कुणाला फिट येतात, सगळं चहाच्या टपरीवर वाचलं गेलं.

मंडळाचे अध्यक्ष तिला घेऊन तरातरा क्लासात आले. मी सगळ्यांदेखत तिच्यावर डाफरलो, "टीप वाचता येत न्हाई का?"

तिनं वही पुढं केली. फळ्यावरच्या नमुन्याच्या दोन्ही ओळी क्लासच्या नावासकट जशाच्या तशा उतरवलेल्या. "सर, तुमीच म्हणलं व्हतं ना, एक अक्षर बदलायचं न्हाई."

मला तिथंच सगळं कळलं. तरी मी वही मिटली आणि अध्यक्षांना म्हणालो, "चूक हिचीच हाय."

ती घरी बसली. त्याच आठवड्यात मी साधन दुरुस्त केलं. आपली किल्ली घातल्याशिवाय ते आता चालतच नव्हतं. दहा मिनिटांचं काम होतं हो! कशापायी केलं, ते कुणाला सांगितलं नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी ती वडवणीच्या स्टँडवर भेटली, लेकीला घेऊन. वाकून पाया पडली.

"सर, माझ्यापायी तुमाला चारचौघांत खाली बघावं लागलं. माफ करा."

खरं सांगायची वेळ होती. एसटीही अजून लागली नव्हती.

"असू दे गं," मी म्हणालो. मी तिला माफ केलं.