मालनकाकींचा कप्तान

सावर्ड्याबाहेर हायवे सोडून आत वळलं की एक वाडी लागते. तिथल्या बायका हळदीचं पहिलं आमंत्रण मालनकाकींना देतात. काकी सातवी शिकल्या. पण समोर बसलेल्या व्याह्याच्या मिशीवर किंवा करवलीच्या उंच टाचांवर बसल्या जागी हळदीच्या गाण्याचं कडवं जुळवतात, आणि ज्याच्यावर जुळवलं तोच सगळ्यात मोठ्यांदा हसतो.

त्यांचे यजमान आत्माराम बोटीवर होते. इंजिनाला तेल घालायचं काम, ऑइलर म्हणतात त्याला. वर्षातले बरेच महिने ते दर्यावर आणि काकी घरी. भातशेती, कोंबड्या, मुलीचं लग्न, सगळं काकींनी एकटीने निभावलं. मग आत्मारामकाका निवृत्त होऊन कायमचे घरी आले आणि त्यांना घरात फार बेशिस्त दिसली. त्यांनी मसाल्याच्या डब्यांना नंबर दिले. जेवणाच्या वेळेला शिटी वाजवू लागले. कोंबड्यांच्या खुराड्यावर लाल अक्षरांची पाटी लावली, 'परवानगीशिवाय आत येऊ नये.'

"अवो, कोंबड्यांना वाचता येत नाय," काकी म्हणाल्या.

"तुला येतं ना? मग झालं," काका म्हणाले.

काकी भांडल्या नाहीत. पुढच्या हळदीत मात्र त्यांनी नवीन गाणं म्हटलं:

कप्तान आला घरी गो बाय, बोट राहिली दर्यात,
हुकूम सोडतो चुलीवरती, भात करपला टोपात!

बायका हसून लोळल्या. शेजारचा संदेश लग्नांतून बेंजो पार्टी घेऊन फिरतो. त्याने गाणं उचललं, चाल जरा पळती केली आणि धृपद नि एक कडवं रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकलं.

"काकी, गीतकार म्हणून तुमचं नाव घालू?"

"नको. आणि काकांकडे बोलशील तर तुझ्यावर पण एक करीन."

बघता बघता गाणं खेडच्या रिक्षांत वाजू लागलं, देवरूखच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये पोरं त्यावर नाचली. आणि सगळ्यांत जास्त ते आवडलं आत्मारामकाकांना. त्यांनी मोबाइलची रिंगटोनच ती केली.

"असलाच होता आमचा कप्तान," ते काकींना सांगायचे. "फुकटचे हुकूम. हे गाणं करणारा नक्की बोटीवर असणार, खालच्या हुद्द्यावर. सोसल्याशिवाय असं सुचत नाय."

"सोसलं असेल बिचाऱ्याने," काकी भाकरी थापता थापता म्हणायच्या.

दिवाळीनंतर वाडीतल्याच ऋतिकाची हळद होती. संदेशची पार्टी रंगात आली. काका दोन्ही हात वर करून मंडपाच्या मधोमध नाचत होते. त्या भरात संदेश विसरला आणि पुढचं, कधीच रेकॉर्ड न केलेलं कडवं गाऊन गेला:

खुराड्याला पाटी लावी, कोंबडी वाचून थांबली,
कप्तानाची सही नाही, म्हणून अंडी लांबली!

ती पाटी वाडीत सगळ्यांनी वाचली होती. काकांचे हात वरच राहिले. बेंजो वाजतच होता, बाकीचे मात्र नाचायचे थांबून त्यांच्याकडे बघत होते. मग त्यांनी हात खाली घेतले, सदरा नीट केला आणि पुरणपोळीला न थांबता घरी गेले. काकींना पहिल्यांदाच धास्ती वाटली. त्या मागोमाग निघाल्या.

काका पडवीत बसले होते.

"गाणं तुझं?"

"माझं."

"मी ऑइलर होतो गो. मला कप्तान कशाला केलंस?"

"ऑइलर चालीत बसत नव्हता."

"आणि भात कधी करपला?"

"शिटी कशाला वाजवताय म्हणून बघायला बाहेर आले, तेव्हा."

काकांनी आठवून बघितलं. "मग ते खरं हाय," ते म्हणाले. "पण आमचा कप्तान माझ्याएवढे हुकूम सोडत असता ना, तर मी बोटीवरून उडी मारली असती."

"मी कुठे उडी मारू? विहीर आटली हाय," काकी म्हणाल्या, आणि काकांना हसू आवरेना.

तरी जवाब द्यायचाच, असं त्यांनी ठरवलं. खपून चार ओळी लिहिल्या आणि संदेशला म्हणून दाखवल्या. एकही ओळ कुठल्याच चालीत बसेना.

"'माझी बायको' काढा, 'मॅडम' घाला, बसेल," स्वयंपाकघरातून आवाज आला.

बसलं. काकींनी बाकीच्या ओळीही सरळ करून दिल्या, स्वतःवरचा टोमणा जरा जास्तच धारदार केला. काकांनी भोंग्यासारख्या आवाजात ते गायलं आणि तेही बऱ्यापैकी चाललं.

आता लोक गाणी करून घ्यायला घरी येतात. पडवीत काका त्यांची चौकशी करतात, हळद कधी, नवरामुलगा कोण, खोड्या काय. परवा सरपंचांची बायको मात्र पडवीतून आली नाही, मागच्या दाराने आली. ती नि काकी आत बराच वेळ कुजबुजत होत्या, मधूनच हसत होत्या. काकांनी डोकावलं तर त्यांना खिडकी लावून घ्यायला सांगण्यात आलं. सरपंचांच्या मुलाची हळद पुढच्या महिन्यात आहे, आणि सरपंचांनी स्वतः जाऊन संदेशच्या पार्टीला सुपारी दिली आहे.