सुदामकाकांचा वरचा मजला

सुदामकाका गाण्याची एक ओळ म्हणत आणि थांबत. मान जराशी डावीकडे वळवून, डोळे अर्धे मिटून ढोलकीचे आठ ठोके होईपर्यंत तसेच बसून राहत. मग पुढची ओळ. पहिल्या दिवशी मला वाटलं, म्हातारा शब्द विसरला. मी आपली मदतीला धावले, म्हटलं, काका, शब्द कागदावर लिहून समोर ठेवा. त्यांनी डोळे न उघडता नुसता हात वर केला.

"थांब गं जरा. झील घेतायत."

मागे कोणीही नव्हतं. परळच्या एका वाचनालयाचा वरचा हॉल, शनिवारची दुपार, आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांवर सात विद्यार्थी आपापल्या टॅबमध्ये डोकं खुपसून बसलेले. तिथे मी नवशिक्यांना टॅबवर गाणं तयार करायला शिकवते. त्याआधी वीस वर्षं जाहिरातींच्या स्टुडिओत आवाज साफ करण्यात गेली. कोणाचा खोकला काढ, कोणाच्या खुर्चीची करकर काढ, पंख्याची घरघर काढ, असला उद्योग. त्यामुळे माझे कान तिखट आहेत. जीभही तिखट आहे असं विद्यार्थी म्हणतात, आणि ते काही खोटं बोलत नाहीत.

काका सत्तरी ओलांडलेले. नातीने नवा घेतल्यावर टाकून दिलेला टॅब ते टॉवेलात गुंडाळून पिशवीतून आणत. काचेला कोपऱ्यात तडा गेलेला. पहिल्या दिवशी 'जयभीम' घातला आणि माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, "किसनची तू ना? नाक तेच." मग मला ओळख पटली. वरळीच्या बीडीडी चाळीत ते आमच्यापासून दोन दारं सोडून राहायचे. बाबा गेल्यावर आई आणि मी शीवला मामाकडे राहायला गेलो, आणि चाळ सुटली ती सुटलीच.

बाबा आणि काका एकाच गिरणीत होते, आणि एकाच गायन पार्टीत. काका मुख्य गायक. त्यांच्या मागे डाव्या हाताला तिघे झीलकरी बसत. गायकाने ओळ म्हणायची आणि तिचं शेपूट मागच्यांनी उचलून परत म्हणायचं, ती झील. तेवढ्या वेळात गायक दम खातो, पुढचे शब्द जुळवतो. पत्रकावर नाव छापायचं ते गायकाचं. झीलकऱ्यांची नावं फक्त चाळीला माहीत. त्या तिघांतला मधला आवाज माझ्या बाबांचा होता.

आता इथे मला एक कबूल करायलाच हवं. मी नऊ वर्षांची असताना बाबा गेले. त्यांचा चेहरा फोटोत आहे, सही जुन्या रेशनकार्डावर आहे, आवाज मात्र कुठेच नाही. आणि मला तो आठवत नाही. जन्म आवाजात काढलेल्या बाईला स्वतःच्या बापाचा आवाज आठवू नये, याची मला फार लाज वाटायची. आईला किती वेळा विचारलं, कसा होता गं? ती म्हणायची, "आवाज काय, आवाजासारखा आवाज." आणि कुकर लावायला उठून जायची. त्या विषयावर तिचं एवढंच.

शिकायला काका हुशार निघाले. फक्त सगळ्याला नावं स्वतःची. टॅबवर एकावर एक ट्रॅक दिसतात, त्यांना ते मजले म्हणत. तळमजल्यावर ढोलकी, पहिल्यावर पेटी, दुसऱ्यावर आपण स्वतः. ताल चुकू नये म्हणून टॅबमध्ये टकटक वाजते, तिचं नाव मुकादम. "ह्या मुकादमाला गप्प कर, डोक्यावर उभा राहून काम करून घेतोय." टॅबमधली तयार ढोलकी ऐकवली तर नाक मुरडलं. म्हणाले, "ही दमत नाय. दमत नाय ती ढोलकी कसली?" मग दोन शनिवार खपून त्यांनी स्वतःच्या बोटांनी काचेवर ढोलकी वाजवली. शेवटच्या कडव्याला ती किंचित जड झाली, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

आणि वर तिसरा मजला. तो रिकामा ठेवला होता, झीलकऱ्यांसाठी. तिघेही कधीच गेलेले. मी सुचवलं, तुमचाच आवाज तीनदा घेऊ, थोडा खाली-वर करू, झील तयार. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पुढच्या शनिवारी बघते तर तो रिकामा ट्रॅक त्यांनी घरी बसून रेकॉर्ड करून आणलेला. कानात इयरफोन घालून गाणं ऐकत, एक शब्द न बोलता, अख्खं गाणंभर. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, काका, रिकामा ट्रॅक रेकॉर्ड करत नाहीत, तो नुसता सोडून द्यायचा असतो. त्यांना ते पटलंच नाही.

"रिकामी खोली असली तरी झाडायला लागते की नाय? मग रेकॉर्ड पण करायला लागते. नायतर तिथं कोण येणार राहायला?"

असली चूक आमच्या चाळीतलाच माणूस करू जाणे. मी नाद सोडला. ते मात्र दर आठवड्याला वरचा मजला नव्याने रेकॉर्ड करून आणत राहिले आणि मी दर वेळी पडद्यावरची आवाजाची ती सपाट रेघ बघून बरं म्हणत राहिले. पाचव्या की सहाव्या शनिवारी रेघ सपाट नव्हती. जिथे जिथे काका थांबत होते, बरोब्बर तिथे, रेघेला बारीक फुगवटा आला होता.

आमच्या घरात देव नाहीत, मग भुतं कुठून येणार? मी तशीच वाढले आणि काकाही त्याच विचाराचे. मी कारणं शोधायला बसले. इयरफोनमधून आवाज गळत असेल. पाण्याचा पंप असेल, कबुतरं असतील. पण पंप काय गाणं ऐकून चालू-बंद होतो? मी माझा टॅब आणि चांगला माइक त्यांना घरी नेऊ दिला. तरी तेच. शेवटी हॉलच्या कोपऱ्यात बसून, मोठे हेडफोन लावून, आवाज पूर्ण वाढवून मी ते ऐकलं. तो श्वास होता. गाणारा माणूस तोंड उघडण्याआधी छाती भरून घेतो तो. आणि तो एक नव्हता, तीन होते. त्यातला एक जरा मागे राहायचा आणि नाकात शीळ वाजायची.

काकांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, तो लक्ष्मण, त्याच्या नाकाचं हाड वाकडं होतं. मग माझ्याकडून हेडफोन घेऊन त्यांनी परत ऐकलं आणि म्हणाले, "मधला लांब श्वास घेतो ना, तो किसन." मी त्या दिवशी वर्ग अर्धा तास आधी सोडला. घरी आईला काही बोलले नाही.

त्यांना मी सरळ विचारलं होतं, काका, तुम्ही मानता का असलं? तेव्हा ते म्हणाले, "भूतबित मी मानत नाय. पण ऐकलं ते ऐकलं. ते नाकारायचं नाय." खरं सांगते, मला आता कारण नकोच होतं. मी दर शनिवारची वाट बघायला लागले होते. श्वास आहे म्हणजे त्यापुढे आवाज असणार, एवढंच माझ्या डोक्यात. एकदा तर माझ्या तोंडून निघूनच गेलं, मग ते घेत का नाहीत झील? बोलल्यावर माझं मलाच कळलं मी काय विचारलं ते. काकांनी मात्र प्रश्न अगदी सरळ घेतला.

"सूर उंच पडतोय त्यांना. मी आपला जुन्या घमेंडीत काळी चारला धरून बसलोय. माझ्याबरोबर ते पण म्हातारे झाले असतील ना गं."

आणि त्यांनी सगळं गाणं खालच्या पट्टीत, काळी दोनमध्ये उतरवून पेटी आणि गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं. तीन आठवडे गेले त्यात. वरच्या मजल्यावरचे श्वास आता जास्त खोल येऊ लागले. पण आवाज येईना, आणि दिवस संपत आले होते. चाळ पाडून नवे टॉवर उभे राहत होते. काकांच्या इमारतीतली बहुतेक घरं निघून गेली होती. त्यांच्या मुलाने नव्या घराचा ताबा घेतला होता, आणि सोमवारी जुन्या खोलीची चावी द्यायची होती. ज्या खोलीत पार्टीची तालीम व्हायची तीच ही खोली. ती गेल्यावर कुठे बसून रेकॉर्ड करणार? काका म्हणाले, "रविवारी दुपारी ये. माझ्या मागं डावीकडं बस, तुझ्या बापाच्या जागेवर. पण तोंड उघडायचं नाय. जागा रिकामी राहिली पायजे."

रविवारी मी गेले. मजल्यावर शुकशुकाट होता. दारं काढून नेलेली, प्रत्येक उंबऱ्यातून आत नुसती भिंत दिसत होती. काकांच्या खोलीत एक चटई आणि भिंतीवर दोन तसबिरी एवढंच उरलं होतं. त्या ते शेवटी उतरवणार होते. टॅब त्यांनी आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला, वरच्या मजल्याचं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि या वेळी स्वतः मोठ्याने गायला लागले. पहिली ओळ. मान डावीकडे, म्हणजे माझ्याकडे. आठ ठोके गेले. काही नाही. दुसरी ओळ. माझ्या दोन्ही दंडांना ऊब लागली, शेजारी माणसं चिकटून बसली की लागते तशी. मी मान वळवली नाही. माझी हिंमतच झाली नाही.

तिसऱ्या ओळीनंतर श्वास आला. हेडफोनशिवाय, त्या खोलीत, माझ्या डावीकडून आणि उजवीकडून. मी जीव कानात गोळा करून बसले होते. आता येणार, बाबा आता गाणार. आणि माझं तोंड उघडलं. झील मी घेतली. इतक्या खालच्या सुरात मी जन्मात गायले नाही. मला थांबता येईना. त्या ओळीला, पुढच्या ओळीला, शेवटच्या कडव्यापर्यंत प्रत्येक जागा मी भरत गेले.

गाणं संपलं आणि मी रडायला लागले. मला माझा इतका राग आला होता. ते घेणार होते, आणि मी मध्येच तोंड घातलं. चाळीस वर्षं ज्याची वाट बघितली ते मीच बुडवलं, आणि आता ही खोलीही राहणार नाही. काका शांतपणे टॅब टॉवेलात गुंडाळत होते. म्हणाले, किसनने घेतली की, तू उगाच रडतेस. मी चिडून म्हटलं, मी घेतली, मी इथे बसले होते, तुम्ही बघत होता. त्यावर ते जे बोलले ते मी अजून विसरले नाही.

"झील मागून येते, पोरी. कोणाचं तोंड हललं ते गायकाला दिसत नाय. मी उभ्या जन्मात मागं वळून बघितलं नाय. आवाज आला की पुढची ओळ धरायची."

नव्या घरी ते एकोणिसाव्या मजल्यावर होते. मी दोनदा भेटायला गेले. हवा छान, उजेड छान, संडास घरात, सगळं त्यांनी कौतुकाने दाखवलं. गाणं विचारलं तर म्हणाले, इथं थांबलो की काहीच येत नाय. सहा महिन्यांत ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. नातीने टॅब माझ्या हातात आणून दिला, आजोबांनी सांगून ठेवलं होतं म्हणाली. मी तो कपाटात ठेवला आणि लावला नाही. ऐकल्यावर त्यात नुसता माझाच आवाज निघाला तर काय करायचं, ही एक भीती. दुसरी भीती मी स्वतःशीही बोलत नव्हते.

पण त्यांच्या जलदानविधीला काकांचं शेवटचं गाणं लावावं असा घरच्यांचा आग्रह पडला. मी आईला सोबत घेऊन गेले. तिला सगळी हकीकत सांगितली नाही, श्वासांचं तर नाहीच. टॅक्सीत एवढंच सांगून ठेवलं की काकांच्या मागे झील मी घेतली आहे, दचकू नकोस. सोसायटीच्या हॉलात माणसं बसली होती. मी टॅब स्पीकरला जोडला आणि खाली मान घालून बसले. पहिली जागा रिकामी गेली, दुसरी गेली. तिसऱ्या ओळीनंतर झील आली, आणि आईने माझं मनगट घट्ट धरलं. गाणं संपेपर्यंत सोडलं नाही.

माणसं जेवायला उठली. आई उठेना. म्हणाली, परत लाव. मी आवाज कमी करून परत लावलं. तिने पूर्ण ऐकलं, पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून अगदी हळू विचारलं.

"हे तर हे आहेत. तू म्हणालीस तू गायलीस. तू कुठे आहेस ह्यात?"

मी हेडफोन लावले. नुसता वरचा मजला चालू ठेवून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला, वीस वर्षं ज्या कानांनी काम केलं त्या कानांनी. काकांच्या ओळींमधल्या जागांत तीन श्वास होते. मग एक पुरुषाचा आवाज होता, मधला, थोडा खरखरीत, ओळीच्या शेवटी जरा रेंगाळणारा. मी त्यात कुठेच नव्हते. मग हेडफोन काढून आईच्या शेजारी बसले आणि बाबांना परत लावलं.