सगळ्या ओळींत एकच आडनाव

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, असं माझ्या माहेरी, असोद्यात सगळे म्हणतात. लग्न होऊन धुळ्याला आले तरी तो काही खाली उतरला नाही. आयुष्यात त्यानं माझं नुकसानच जास्त केलं. एकदा मात्र तो कामाला आला, ते सांगते.

मुलगी शाळेत जायला लागली तशी मी धुळ्यातल्या एका छोट्या कारखान्यात लागले. वजनकाटे, लाल अक्षरांचे दिव्यांचे बोर्ड असलं तिथे बनतं. मालकांना सगळे भाऊ म्हणतात. मला घेतलं होतं बिलं करायला. कॉम्प्युटरमध्ये बीएस्सी केलेली बाई, आणि दिवसभर ग्राहकाची प्रत, आपली प्रत करत बसायचं! साक्रीच्या बाजारातल्या काट्यासाठी बोर्डाची ऑर्डर आली आणि नेमका प्रोग्रॅम लिहिणारा नोकरी सोडून गेला. मी बिलाच्या टेबलावरून उठले आणि भाऊंसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "मी लिहिते."

"ताई, ते सी भाषेत लिहायचंय. एक्सेल नाही."

"माहितीये," म्हटलं. फारसं काही आठवत नव्हतं, पण ते त्यांना कशाला सांगू?

भाऊंनी चष्म्यावरून पाहिलं. "लिहा. पण नाही जमलं तर काम पुण्याच्या कंपनीला जाणार आणि तुम्ही परत बिलांवर. मग पुन्हा हा विषय काढायचा नाही."

बोर्ड साधाच होता. काट्यापाशी मक्याचे, कांद्याचे ट्रॅक्टर रांगेत उभे राहतात. मापाड्यानं टोकन नंबर आणि आडनाव टाइप करायचं, ते बोर्डावर ओळीनं दिसायचं. ज्याचा नंबर वर, त्यानं गाडी काट्यावर घ्यायची. बस्स, एवढंच. मला वाटलं, हातचा मळ आहे.

सीमध्ये कॅरेक्टर म्हणजे एक बारका कप्पा, त्यात एक चिन्ह. नाव म्हणजे ओळीनं मांडलेले कप्पे, आणि शेवटच्या कप्प्यात शून्य, म्हणजे 'इथे नाव संपलं'. इथवर कॉलेजातही समजलं होतं. पुढे ती चांदणी येते, पॉइंटरची. चांदणी लावलेल्या त्या नामधारी डब्यात नाव नसतंच. पहिल्या कप्प्याचा पत्ता असतो. कॉलेजात मी हे पाठ करून पास झाले होते. पाठ केलेलं आणि कळलेलं यात केवढी दरी असते, ते साक्रीला कळलं.

कारखान्यात चाचणी करायला मला नावं हवी होती. असोद्याला माझ्या वडिलांना, आबांना फोन लावला, म्हटलं, केळी लावणाऱ्यांची नावं सांगा. आबांनी घडाघडा सगळी भाऊबंदकी सांगितली. मी टोकन नंबर टाकले, आडनावं टाकली. बोर्ड झकास चालला. नंबर वेगवेगळे, आडनावं अगदी बरोबर. बरोबर असणारच! आमचं अर्धं गाव एकाच आडनावाचं. सगळ्या ओळींत एकच आडनाव दिसलं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. लहानपणापासून हजेरीत तेच ऐकलंय ना. दुसऱ्या कुठल्या गावच्या बाईनं पहिल्याच झटक्यात कपाळाला हात लावला असता.

बाजाराच्या दिवशी भाऊंच्या जीपमधून बोर्ड साक्रीला नेला. मापाड्यानं पहिलं नाव टाकलं, आलं. दुसरं टाकलं, आणि पहिल्या ओळीतही दुसरंच आलं. तिसरं टाकलं, तर तिन्ही ओळींत तिसरं. नंबर आपले शहाण्यासारखे बरोबर. गडी जमले, हसायला लागले. ट्रॅक्टरवर बसलेले एक नाना मोठ्यानं म्हणाले, "ओ ताई, आठे बठ्ठास्ना बाप एकच शे का?"

सगळ्यांचा बाप एकच! सगळा बाजार खो खो हसला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. नानांवर नाही हो, नाना बरोबरच बोलले. माझा राग माझ्यावर होता. भाऊंनी बोर्ड बंद करायला लावला आणि परत जीपमध्ये चढवला. धुळ्याच्या अलीकडे आल्यावर म्हणाले, "उद्या पुण्याला फोन करतो."

"पुढच्या बाजारापर्यंत थांबा," मी म्हटलं.

"काय फरक पडणार आहे?"

"मला पडणार आहे, भाऊ."

त्यांनी जीपचा गिअर बदलला. मी तो होकार धरला.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, आता अंदाजपंचे काही करायचं नाही. इथे चांदणी घाल, तिथली काढ, चाललं तर चाललं, हे खूप झालं. मशीन खोटं बोलत नाही, तर मशीनलाच विचारायचं. प्रत्येक ओळीच्या डब्यात कोणता पत्ता आहे तो मी पडद्यावर छापून घेतला. बघते तर काय, सगळ्या ओळींत एकच पत्ता! मापाडी जे टाइप करतो ते मेमरीत एकाच जागी येऊन बसतं. मी प्रत्येक ओळीला त्या जागेचा पत्ता देऊन मोकळी झाले होते. नवं नाव आलं की जुन्याच्या उरावर बसायचं. मग सगळ्या ओळी तिकडेच बोट दाखवणार, दुसरं काय करणार? नंबर तेवढे मी ओळीत खरोखर ठेवले होते, म्हणून ते वाचले.

बाई गं, हसू का रडू असं झालं. एवढी साधी गोष्ट, आणि मी ती इतकी वर्षं फक्त पाठ म्हणत होते.

संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, सापडलं का. म्हटलं, "शेजारणीनं डब्यातून भाजी पाठवली. ती आपल्या पातेल्यात काढून घ्यायची सोडून मी म्हणत बसले, भाजी त्या डब्यात आहे. तिनं डबा परत नेला, त्यात लोणचं भरलं. आता आपल्याकडे काय राहिलं?"

"काहीच नही," सासूबाई म्हणाल्या. "इतलंच ना? मंग दुरुस्त कर आन जेवाले ये."

दुरुस्त केलं. प्रत्येक ओळीला स्वतःची जागा दिली आणि नाव कप्प्याकप्प्यानं तिथे उतरवून घेतलं. या वेळी आबांना फोन केला नाही. गल्लीतल्या दारांवरच्या पाट्या वाचत फिरले आणि जेवढी वेगळी आडनावं सापडली तेवढी घातली. बरं झालं घातली. एका लांबलचक आडनावाच्या मागे खालच्या ओळीतलं आडनाव शेपटासारखं चिकटून आलं! जागा मी अक्षरं मोजून दिली होती, पण मशीनच्या लेखी आपलं एक अक्षर म्हणजे तीन कप्पे, काना-मात्रेचे आणखी वेगळे. जागा काठोकाठ भरली, शेवटच्या शून्याला कप्पाच उरला नाही. मशीनला थांबा कुणी सांगितलंच नाही, ते वाचत सुटलं. जागा वाढवली, शून्य स्वतःच्या हातानं बसवलं. मग मुद्दाम आडवीतिडवी नावं टाकून मी त्या बोर्डाचा जीव खाल्ला. तो मेला नाही.

पुढच्या बाजाराला भाऊ यायला तयार नव्हते. "चला," म्हटलं, "पडले तर तुमच्यासमोर पडेन." आले बिचारे.

मापाड्यानं नावं टाकली. एकाखाली एक, निरनिराळी. पहिल्या नावाचा ट्रॅक्टर सुरू झाला आणि काट्यावर गेला. बोर्ड एक ओळ वर सरकला. दुसरा ट्रॅक्टर सुरू झाला. कुणी हसलं नाही, कुणी शाबासकी दिली नाही, कुणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. लोक फक्त वर बघायचे, आपलं नाव वाचायचे आणि गाडी पुढे घ्यायचे. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं, ते मी धूळ गेली म्हणून पुसलं.

परत येताना भाऊ म्हणाले, "बरं झालं. जामनेरच्या बाजारालाही असाच बोर्ड हवाय. तो आता पुण्याला देऊ, तुम्हाला कशाला त्रास?"

इथे माझा राग कामाला आला. "जामनेरचा मी करणार."

"आणि बंद पडला तर?"

"तर मीच जाईन."

"एकट्या? जामनेरला?"

"एसटी जाते ना, भाऊ."

ते हसले. मग अगदी खरी अडचण सांगावी तसे म्हणाले, "अहो, पण मग बिलं कोण करणार?"

"ते तुम्ही बघा."

दुसऱ्या दिवशी भाऊ स्वतः बिलांच्या टेबलावर बसले. मी खिडकीपाशी जामनेरचा बोर्ड उघडून वायरी जोडत होते. थोड्या वेळानं तिकडून हाक आली, "ताई, जरा इकडे या बरं, हे बिल चुकतंय." पुन्हा आली. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी उठले नाही.